काटकोनरावांचा देवदारी रॅम्प

काटकोनरावांनी हॉस्पिटलच्या खाटेशेजारी उभं राहून बायकोला शब्द देऊन टाकला. शनिवारी तू घरी येशील तेव्हा तुझी चाकाची खुर्ची फाटकातून निघेल ती थेट पलंगापाशीच थांबेल. वाटेत तीन पायऱ्या आहेत हे तुला आठवणारसुद्धा नाही, कारण त्या पायऱ्यांवर मी रॅम्प बांधणार आहे. स्वतः. माझ्या या दोन हातांनी.

बायकोने हळूच डोळे मिटले. काटकोनरावांना वाटलं, समाधानाने मिटले. खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या लेकीला वेगळंच वाटलं.

त्यांचं खरं नाव दुसरंच होतं. पण नकाशे काढायच्या ऑफिसात छत्तीस वर्षं घालवल्यावर ते नाव कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर पाव इंच कललं तरी या माणसाला घास गिळवत नसे. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तर आधी तिथल्या तसबिरी सरळ करत आणि मग बसत. कागदावर त्यांच्या हाताला तोड नव्हती. कागद सोडून दुसऱ्या कशालाही तो हात लागला की मात्र घरातले आसपासच्या वस्तू उचलून ठेवत. त्यांनी बसवलेलं पुस्तकांचं शेल्फ तिसऱ्या दिवशी कोसळलं होतं. शेवटपर्यंत भिंतीशी काटकोन राखून कोसळलं, हे त्यातल्या त्यात. आणि आठवडाभरापूर्वी बायको न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून बसली, तेव्हा तिथली फरशी ओली होती. फरशी ओली होती कारण नळ गळत होता. नळ गळत होता कारण आदल्या रविवारी काटकोनरावांनी तो दुरुस्त केला होता.

हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. काटकोनरावांना मात्र ते रोज सकाळी तोंड धुताना ऐकू येई. टप, टप, टप.

म्हणून रॅम्प त्यांनाच बांधायचा होता. लेक म्हणाली, गवंडी बोलावू, सिमेंटचा करून टाकू, एका दिवसात काम होईल. काटकोनराव म्हणाले, सहा आठवड्यांत तुझी आई चालायला लागेल, मग जन्मभर दारात तिच्या पडण्याचं स्मारक कशाला? लाकडाचा करायचा. गरज संपली की उचलायचा.

गल्लीच्या टोकाला एका मिस्त्रींची लाकडाची वखार होती. मिस्त्री बोलायला कंजूष, पण लाकडाचा विषय निघाला की त्यांची जीभ सुटायची. बाहेर उन्हापावसात राहणारं लाकूड हवं म्हटल्यावर त्यांनी काटकोनरावांना वखारभर फिरवलं. सागवान उत्तम, पण उचलायला चार माणसं आणि नंतर त्या चार माणसांना उचलायला आणखी चार. साधं चिडाचं लाकूड हलकं, पण दोन पावसाळ्यांत भिजलेल्या बिस्किटासारखं होणार. मग त्यांनी मागच्या बाजूला रचलेल्या तांबूस फळ्यांमधली एक ओढून काढली आणि काटकोनरावांच्या हातावर ठेवली. काटकोनराव ओझ्याच्या तयारीने वाकले होते, ते फळीसकट वर आले.

देवदार, मिस्त्री म्हणाले. हलकं, वाकत नाही, पिळत नाही. याच्या अंगातच एक तेल असतं, त्यामुळे वाळवी जवळ येत नाही आणि ओल धरून कुजत नाही. रंगसुद्धा लावायला नको. उघड्यावर ठेवलं तर वर्षभरात चंदेरी होतं, जसे तुमचे केस.

काटकोनरावांना यातलं निम्मंच ऐकू आलं. त्यांनी फळीला नाक लावलं होतं. नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा वास. छत्तीस वर्षांचं ऑफिस त्या एका श्वासात छातीत शिरलं, आणि व्यवहार तिथेच पक्का झाला.

मिस्त्रींनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. लाकूड मातीवर टेकवायचं नाही, खाली विटा ठेवायच्या. आणि फळ्या बसवायच्या त्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने, लोखंडी खिळा या लाकडाला लावायचा नाही. कारण विचारायचं काटकोनरावांच्या मनात होतं, पण ते तेव्हा दुसऱ्या फळीचा वास घेत होते.

रॅम्प अठरा फूट लांब ठरला. पायऱ्यांची उंची अठरा इंच, म्हणजे फुटाला एक इंच चढ, खुर्ची ढकलायला नेमका हवा तसा. काटकोनरावांनी नकाशा काढला तो असा की मिस्त्रींनी तो घडी न घालता घरी नेला. सांगाडा मिस्त्रींनी दोन दिवसांत उभा केला. वरच्या फळ्या बसवायचं काम काटकोनरावांनी हट्टाने स्वतःकडे ठेवलं.

शुक्रवारी दुपारी एक तृतीयांश फळ्या बसल्या आणि स्क्रू संपले. हार्डवेअरचं दुकान बंद होतं, मिस्त्री बाहेरगावी एका दाराच्या मापाला गेले होते आणि बायको दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती. काटकोनरावांनी माळ्यावरून जुना डबा काढला. डबा भरून खिळे होते. लोखंडी. मिस्त्रींचं बोलणं त्यांना आठवलं, नाही असं नाही. पण खिळा म्हणजे खिळा, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मिस्त्री लोक काहीतरी सांगतातच, आपलं महत्त्व राहावं म्हणून.

मग संध्याकाळपर्यंत ठोकाठोक चालली. देवदार नरम असतं. हातोडी चुकली की फळीवर गालावरच्या खळीसारखा खोलगट ठसा उमटे. अशा बऱ्याच खळ्या पडल्या. पण खिळे मात्र दोरी लावून ठोकले होते, ओळीत, शाळेतल्या कवायतीसारखे. दिवस मावळताना काटकोनराव फाटकापाशी उभे राहून बघत होते, तेव्हा त्यांच्या मनात आलं की आता नळाची फिटंफाट झाली.

शनिवारी पहाटे अवेळी पाऊस पडला. अर्धा तास पडला, जोरदार पडला आणि आपलं काही नव्हतंच अशा थाटात निघून गेला.

काटकोनराव दात घासत दाराशी आले आणि ब्रश तोंडातच राहिला. रॅम्पवरच्या प्रत्येक खिळ्याखालून काळा ओघळ निघाला होता. एक नाही, दोन नाही, दोनशेचाळीस. काजळ घालून कोणी रात्रभर रडावं तसा रॅम्प दिसत होता. आणि त्याच्या खालून गढूळ, तपकिरी पाणी वाहत होतं. ते फाटकाखालून बाहेर पडत होतं, गल्लीच्या उताराने चाललं होतं आणि कुठे पोचलं होतं ते बघायची काटकोनरावांची हिंमत झाली नाही.

त्यांच्या मनात एकच विचार आला. सडलं. एका रात्रीत सडलं. ज्या लाकडाला वाळवी खात नाही, ओल खात नाही, ते आपला हात लागल्याबरोबर सडलं. आणि यावरून आज तिची खुर्ची जाणार होती.

त्यांनी मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री नुकते परतले होते. लाकूड आतून कुजून काळं पाणी गाळतंय, एवढंच ऐकून ते येतो म्हणाले. लेक हॉस्पिटलात कागदपत्रांसाठी गेली होती, म्हणजे घरात ओरडायला कोणी नव्हतं आणि सावरायलाही कोणी नव्हतं. नुसतं बसून राहणं काटकोनरावांना जमेना. त्यांनी स्वयंपाकघरातून भांड्यांची तारेची घासणी आणली आणि गुडघ्यांवर बसून पहिला डाग घासायला घेतला.

डाग वाढला. त्यांनी जोर लावला. डाग तळहाताएवढा झाला. तारेचे बारीक तुकडे ओल्या लाकडात रुतत होते आणि जिथे रुतत होते तिथे नवीन काळं उमटत होतं, पण हे त्यांना कसं कळावं. ते घासत राहिले. तासाभरात रॅम्पचा मधला भाग काळवंडला आणि काटकोनरावांचे हात कोपरांपर्यंत काळे झाले.

नेमक्या याच वेळी फाटकाशी मुख्याध्यापिकाबाई येऊन उभ्या राहिल्या.

बाई उताराच्या खालच्या बाजूला, शेजारच्याच घरात राहत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या दारात पांढऱ्या दगडाच्या चार पायऱ्या होत्या. त्या त्या रोज सकाळी स्वतः धूत. आज धुऊन झाल्यावर पहिल्या पायरीवरून तपकिरी पाणी गेलं होतं. बाई त्या पाण्याचा माग काढत वर आल्या होत्या. समोर त्यांना गुडघ्यांवर बसलेला, कोपरापर्यंत काळ्या हातांचा माणूस दिसला आणि त्याच्या खालून वाहणारं ते पाणी दिसलं. बाईंनी दोन अधिक दोन केलं. गटार फुटलंय.

"कधीपासून चालू आहे हे?" त्यांनी विचारलं.

काटकोनरावांना वाटलं, त्या डागांबद्दल विचारताहेत. "पहाटेपासून. पाऊस पडला आणि सुरू झालं."

"आणि तुम्ही स्वतः हातांनी साफ करताय?"

"दुसऱ्या कोणावर टाकणं बरं दिसत नाही बाई. आपलं आपणच निस्तरावं."

बाई एक पाऊल मागे सरकल्या. "वास येतोय."

"येतोय ना?" सकाळपासून पहिल्यांदाच काटकोनरावांचा चेहरा जरा उजळला. "कोरडं होतं तेव्हा एवढा येत नव्हता. भिजल्यावर दुप्पट सुटलाय. मी तर मघापासून छाती भरभरून घेतोय."

बाईंनी पदर नाकाला लावला. पुढचं त्यांनी पदरातूनच विचारलं. "वहिनी आज घरी येणार ना?"

"तिच्यासाठीच तर केलंय हे सगळं," काटकोनराव म्हणाले, आणि पुन्हा घासायला लागले.

बाई वळल्या. माणूस बायकोच्या आजारपणाने खचलाय, डोकं ठिकाणावर नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. अशा वेळी शेजाऱ्यांनी नुसतं बघत राहायचं नसतं. घरी जाऊन त्यांनी पालिकेच्या गटार विभागात फोन केला.

एरवी या विभागाला फोन केला तर माणूस यायला आठवडा लागे. पण फोन घेणारे मुकादम बाईंचे विद्यार्थी होते. चौथीत असताना बाईंनी त्यांना वहीची पानं मोजायला लावली होती, कारण ते मधली फाडून होड्या करत. आज त्यांचं वय बावन्न होतं, हाताखाली चार माणसं होती, तरी बाईंचा आवाज ऐकल्यावर ते फोन हातात धरून उभे राहिले. आता लगेच निघ, बाई म्हणाल्या. विसाव्या मिनिटाला मुकादम चार माणसं, कुदळी आणि फावडी घेऊन गल्लीत हजर होते.

त्या वेळी काटकोनराव न्हाणीघरात हाताला लिंबू चोळत होते. लिंबाने काळं जरा उतरत होतं, म्हणून सातवं लिंबू चालू होतं. बाहेर धप्धप् आवाज सुरू झाला तेव्हा त्यांना वाटलं, मिस्त्री आले आणि रॅम्प उखडायला लागले. उखडू देत, त्यांनी मनात म्हटलं. बघवणार नाही, म्हणून ते थोडा वेळ तिथेच, लिंबाच्या साली हातात धरून बसून राहिले.

बाहेर आले तेव्हा रॅम्प जागच्या जागी होता. पण रॅम्पचं टोक आणि फाटक यांच्यामध्ये चार फुटांची जी मोकळी जागा होती, तिच्यात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत दोन फूट रुंद आणि मांडीएवढा खोल चर पडला होता. किल्ल्याला शोभेल असा खंदक. पलीकडे मातीचा ढीग, ढिगाजवळ चार माणसं, आणि चरात उभे राहून मुकादम एका नळीवर टिचक्या मारत होते.

काटकोनरावांच्या तोंडून आधी शब्दच फुटेना. मग एकदम पुष्कळ फुटले. हे काय आहे, कोणी सांगितलं, माझी बायको दोन तासांत येतेय, खुर्चीवरून येतेय, खुर्ची काय उडी मारणार आहे? मुकादमांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं की काका, काळजी करू नका, बाईंचा फोन होता, तुमचं गटार फुटलंय. काटकोनराव म्हणाले, माझं गटार फुटलेलं नाही. मुकादम म्हणाले, तेच तर मीही बघतोय. त्यांनी गटाराचं झाकण उघडून बॅटरी मारली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आदर पसरला. तीस वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ, इतकी कोरडी, इतकी सरळ रेषेत टाकलेली नळी त्यांनी पाहिली नव्हती.

एव्हाना बाईही येऊन उभ्या राहिल्या होत्या. नळी ठणठणीत आहे हे ऐकून त्यांनी त्या तपकिरी पाण्याकडे बोट दाखवलं. मग हे काय?

काटकोनराव रॅम्पच्या कडेवर मटकन बसले. चर बुजवला तरी माती इतकी भुसभुशीत राहणार की खुर्चीची चाकं रुतणार, आणि पलीकडे गेलीच तरी सडलेल्या लाकडावर बायकोला चढवायचं कसं? नळ एक झाला. आता हे दुसरं.

तेवढ्यात मिस्त्री सायकलवरून आले. त्यांनी सायकल कुंपणाला टेकवली, चर ओलांडला, रॅम्पवर हात फिरवला, बाजूला पडलेली तारेची घासणी उचलून पाहिली आणि तिच्याकडे अशी नजर टाकली की काटकोनरावांनी मान खाली घातली.

"खिळे कोणते?" मिस्त्रींनी विचारलं.

"लोखंडी," काटकोनराव म्हणाले. एवढ्या बारीक आवाजात त्यांनी साहेबांकडे रजासुद्धा कधी मागितली नसेल.

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी घरातून गरम पाणी आणि एक पांढरी बशी मागवली. उरलेल्या फळीचा मूठभर भुसा त्या पाण्यात टाकला आणि थांबले. पाच मिनिटांत पाण्याला चहाचा रंग आला. हे तुमचं गटार, ते बाईंना म्हणाले. देवदाराच्या अंगात जो रस असतो, त्यानेच ते कुजत नाही. नवं असताना पहिले चारदोन पाऊस तो थोडा बाहेर गळतो. मग त्यांनी तारेच्या घासणीचा गंजका तुकडा त्या पाण्यात टाकून बोटाने ढवळला. पाणी हळूहळू काळपट होत गेलं आणि शेवटी निळसर काळं झालं.

मुख्याध्यापिकाबाईंनी बशी हातात घेतली, त्यात करंगळी बुडवली आणि आपल्या तळहातावर एक रेघ ओढली. रेघ ठळक उमटली.

"ही तर शाई," त्या म्हणाल्या.

जुन्या काळी शाई अशीच करत, मिस्त्रींनी सांगितलं. झाडाचा रस आणि लोखंड. यात सडण्याचं काही नाही, हे नुसतं शाई सांडल्यासारखं आहे. एक पावडर मिळते, ती लावली की डाग निघतील, आणि खिळे बदलावे लागतील. मग ते रॅम्पच्या बरोबर मधे गेले आणि चांगले ऐंशी किलोचे असूनही त्यांनी तिथे तीन उड्या मारल्या. रॅम्प ढिम्म हलला नाही.

काटकोनरावांना वाटलं, कोणीतरी त्यांच्या छातीवरचा वरवंटा उचलून बाजूला ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लिंबाच्या नावावर खपवलं. बाई मात्र मुकादमांकडे वळल्या होत्या. खणण्याआधी विचारायचं असतं, एवढंही कळत नाही का, असं त्यांनी विचारलं. मुकादम म्हणाले, पण बाई, तुम्हीच फोन केला होता. फोन करण्याचं काम माझं होतं, बाई म्हणाल्या, विचार करण्याचं तुझं.

मुकादम माणसांना माती लोटायला सांगणार, तोच गल्लीत ॲम्ब्युलन्स शिरली. दीड तास आधी.

हॉस्पिटलने कागदपत्रं लवकर उरकली होती. आधी लेक उतरली आणि जागीच थबकली. मग ड्रायव्हर आणि त्याचा सोबती यांनी मागचं दार उघडून चाकाची खुर्ची खाली घेतली. खुर्चीत काटकोनरावांची बायको होती, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन. तिने आधी मातीचा ढीग बघितला. मग चर, चरात उभे मुकादम, फावडी धरलेली चार माणसं, हातात बशी धरलेल्या बाई, अंगभर काळे ओघळ आलेला रॅम्प आणि सगळ्यात शेवटी, काळ्या हातांचा नवरा. सगळं नीट बघून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी फक्त अकरा दिवस नव्हते."

मग जो तो काहीतरी सुचवू लागला. ड्रायव्हर म्हणाला, उचलून नेतो. लेकीने त्याला झटकलं. डॉक्टरांनी खुबा दुमडू द्यायचा नाही असं बजावलं होतं. मुकादम म्हणाले, तासाभरात चर बुजवतो. मिस्त्री म्हणाले, भुसभुशीत मातीत चाक रुतेल. लेक म्हणाली, पुन्हा हॉस्पिटलात नेऊ. हे ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते काटकोनरावांनी बघितलं.

ते खाली वाकले. जमिनीवरची एक काडी उचलली आणि ओल्या मातीवर रेघा ओढायला लागले. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत बावीस फूट. रॅम्प अठरा. मधे उरले चार, त्यातले दोन चराने खाल्ले. रॅम्प काही जमिनीत गाडलेला नाही, विटांवर नुसता ठेवलाय.

"रॅम्प चार फूट पुढे घ्या," ते म्हणाले. "पायथा फाटकाशी येईल, चर खाली झाकला जाईल. वरच्या बाजूला उंबऱ्यापर्यंत चार फुटांची फट पडेल, तिथे उरलेल्या फळ्या एकावर एक टाका."

छत्तीस वर्षांत त्यांनी कोणाला हुकूम दिला नव्हता. बहुधा म्हणूनच सगळ्यांनी तो ऐकला. मुकादमांची चार माणसं, मिस्त्री, ड्रायव्हर आणि त्याचा सोबती रॅम्पच्या दोन्ही अंगांना उभे राहिले. स्वतः मुकादम हातावर थुंकून, पाय फाकवून, दगडी खांब उचलायचा असल्यासारखे वाकले. बाईंनी एक, दोन, साडेमाडे तीन म्हटलं. रॅम्प इतक्या अलगद वर आला की मुकादमांचा सगळा जोर फुकट गेला आणि ते मागच्या मागे आपल्याच मातीच्या ढिगात जाऊन बसले. एवढा लांबलचक सांगाडा, आणि वजन बघा, असं ते तिथे बसल्या बसल्या म्हणाले.

विटा पुढे सरकवल्या, रॅम्प टेकला. मिस्त्रींनी वरच्या फटीत दुहेरी फळ्या टाकल्या आणि खिशातले स्क्रू पिळले. स्टीलचे. काटकोनरावांनी दुसरीकडे बघितलं.

खुर्ची ढकलायला ड्रायव्हर पुढे झाला होता, पण काटकोनरावांनी मुठी स्वतः धरल्या. पुढची चाकं लाकडावर चढली. बरोबर चरावर आल्यावर फळ्यांमधून कर्रकन आवाज आला आणि गल्लीत सगळ्यांचा श्वास थांबला. लाकूड बसतंय, मिस्त्रींनी खालून सांगितलं. चालू द्या.

बायको मागे न बघता म्हणाली, "तुम्ही म्हणे नळाचं मनाला लावून घेतलंय. लेक सांगत होती."

काटकोनराव खुर्ची ढकलत राहिले.

"नळ गळत होता हे खरं. पण मी नळाने नाही पडले. वरच्या कोपऱ्यातलं जाळं काढायला बादली पालथी घालून तिच्यावर चढले होते. या वयात. लाज वाटली म्हणून डॉक्टरांनाही खरं सांगितलं नाही."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्ही विचारलंत कुठे? रोज यायचात, रॅम्पचा नकाशा दाखवायचात आणि पळायचात."

चर मागे पडला होता. चढ इतका बेताचा होता की खुर्ची आपण ढकलतोय की तीच आपल्याला ओढतेय, हे त्यांना समजत नव्हतं. रॅम्पचा मध्य आला तेव्हा ढगांतून ऊन उतरलं, आणि ओल्या देवदाराचा वास एकदम वर आला.

"थांबा," बायको म्हणाली.

ते घाबरून थांबले. काही दुखतंय का?

दुखत नव्हतं. अकरा दिवस तिने छत बघितलं होतं. पांढरं छत, त्यावर एक पंखा, पंख्याला तीन पाती. आता समोर आकाश होतं, अंगावर ऊन होतं आणि वास औषधांचा नव्हता. पाच मिनिटं इथेच बसू द्या, ती म्हणाली. आत काय, जायचंच आहे.

काटकोनरावांनी खुर्चीचा ब्रेक लावला. डावीकडचा लागला. उजवीकडचा दांडा नुसताच पुढे मागे हलला. त्यांनी तो तीनदा दाबून पाहिला, मग मुकाट्याने दोन्ही मुठी घट्ट पकडून उभे राहिले.

खाली मंडळी पांगली. ॲम्ब्युलन्स गेली. मिस्त्री पावडर घेऊन सोमवारी येतो म्हणाले. मुकादमांची माणसं रॅम्पच्या बाजूबाजूने चरात माती लोटू लागली, आणि बाई तिथेच उभ्या राहून माती नीट चोपली जातेय ना ते बघू लागल्या. आतून लेकीने हाक मारली, पलंग तयार आहे. पाच मिनिटं, आईने सांगितलं. पंधरा मिनिटांनी लेकीने पुन्हा हाक मारली, तेव्हा आईने उत्तर दिलं नाही.

काटकोनरावांनी वाकून पाहिलं. तिला झोप लागली होती. मान एका बाजूला कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. हॉस्पिटलात रात्रभर जागी असते, असं लेक रोज सांगायची.

खुर्ची पुढे ढकलली तर तिला जाग येणार. सोडली तर ती उतारावरून थेट मुकादमांच्या अंगावर जाणार. काटकोनरावांनी पाय रोवले आणि लेकीला मानेनेच खूण केली की गप्प राहा. पाऊण तास गेला. हात भरून आले, कंबर बोलायला लागली आणि कुठूनशी एक माशी येऊन त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

त्यांनी तिला बसू दिलं.